नाव न घेता सांगायच्या जखमा

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से साठत जातात, त्याला इलाज नाही. बाटल्या धुऊन ठेवता येतात, पट्ट्या जाळून टाकता येतात, पण किस्से कुठे टाकणार? त्यातून माझी पंचाईत अशी, की माझे सगळ्यात चांगले किस्से शरीराच्या ज्या भागाचे आहेत, त्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही. आमच्या सूनबाईंनी मला स्पष्ट सांगून ठेवलंय, "मामा, पाहुणे आले की तुम्ही फक्त खोकल्याचे किस्से सांगत जा!"

पण तुम्ही काही पाहुणे नाही, आणि जेवणंही झालेली आहेत. तेव्हा ऐका.

निजामाचं राज्य जायच्या आधीची बारा-तेरा वर्षं मी कळमनुरीकडच्या एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होतो. दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचा ओटा, मागे लिंबाचं झाड. स्टाफ म्हणाल तर मी, सारजाबाई दाई आणि आमचे डॉक्टर कादरसाहेब. साहेब हैदराबादचे. उंच, किडकिडीत, लाल तुर्की टोपी, आणि अर्धं मराठी अर्धं दखनी बोलायचे. त्यांच्या हातांविषयी मी काय सांगू? मी आयुष्यात पुष्कळ डॉक्टर पाहिले, पण तसे हात पुन्हा पाहिले नाहीत.

त्यांची एक रीत होती. पेशंटच्या अंगावरचं कापड बाजूला करायच्या आधी ते थांबायचे आणि विचारायचे, "इजाजत है?" समोर मालदार असो की रोजानं राबणारा गडी, बाई असो की बाप्या. परवानगी मिळेपर्यंत हात पुढे जायचा नाही. रक्त वाहत असलं तरी नाही! मला सुरुवातीला हा नुसता वेळेचा घोळ वाटायचा. नंतर लक्षात आलं, की ज्या माणसाला परवानगी विचारलीय, तो माणूस टेबलावर अर्धा तरी शांत होतो.

*

आमच्याकडे "पोट दुखतं" म्हणून येणाऱ्यांत दोन जाती. एक खरोखर पोट दुखणारे. ते बाकावर धपकन बसायचे. दुसरे बाकावर बसायचेच नाहीत, "आमी उभेच बरे" म्हणायचे. साहेब आतून बघूनच मला हाक मारायचे, "दिगंबर, ह्याला आत घे. ह्याचं पोट जरा खाली आहे!"

डोंगरकड्याचा एक शेतकरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असाच आला. कमरेला धोतरावरून आणखी एक ओलं फडकं बांधलेलं. पायी आला होता, तीन कोस! म्हणाला, "बैलानं जरासक ढुसणी देली."

साहेबांनी इजाजत घेतली आणि फडकं सोडलं. शिंगानं खालची पिशवी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडली होती. आतल्या दोन्ही गोळ्या बाहेर लोंबत होत्या, आणि ह्या बहाद्दरानं त्या ओल्या फडक्यात तान्ह्या लेकरासारख्या सांभाळून आणल्या होत्या.

साहेबांनी मिठाच्या पाण्यानं धुतलं, एकेक जागच्या जागी ठेवलं, आणि उरलेलं कातडं ओढून रेशमानं शिवत आणलं. मला वाटलं होतं, एवढं कातडं पुरायचं नाही. साहेब म्हणाले, "देख दिगंबर. खुदाने ऐसा दिलदार चमडा दूसरा नहीं बनाया. कितना भी खींचो, ना नहीं बोलता."

टाके चालू असताना त्या माणसानं एकच गोष्ट विचारली. मी वाट पाहत होतो की आता विचारेल, लेकरं होतील का? तो म्हणाला, "घरच्याईला निरोप धाडा साहेब. बैलाला कोनी मारू नका म्हनावं. फटाक्याला भेलं व्हतं ते."

पुढच्या पोळ्याला तो आला. ठणठणीत! सोबत झूल घातलेला, शिंगं रंगवलेला तोच बैल. ओट्यापुढे उभा करून म्हणाला, "साहेब, ह्यालाबी एकडाव बघा. तवापासून माझ्याकडं बघतच न्हाई. मनाला लावून घेतलं काय की."

आणि साहेबांनी बघितला हो! खाली उतरून बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि मला म्हणाले, "याला काही औषध नको. ह्यानंच रोज चारा घालत जावा."

*

आता एक चूक सांगतो. ती आमच्या भागातच होऊ शकते.

वारंग्याकडचा एक जण कापसाच्या गाडीवरून खाली आला, तो थेट चाकाच्या लोखंडी धावेवर, दोन पाय दोन बाजूंना. अशा पडण्यात आतली लघवीची नळी तुटते. पुढे रक्ताचा थेंब दिसतो आणि लघवी अडते. आता अडलेली लघवी सुटावी म्हणून घरच्यांनी काय करावं? पाजलं! आधी पाणी, मग ताक, मग पळसाच्या फुलांचा काढा, मग पुन्हा पाणी. एक दिवस, एक रात्र सगळी भावकी तांब्या घेऊन त्याच्या उशाशी! गडी आला तेव्हा पोट नगाऱ्यासारखं टणक, डोळे पांढरे, आणि बाप शेजारी बसून म्हणतोय, "अजून येक तांब्या घे रं, वाट व्हईल."

साहेब सहसा ओरडायचे नाहीत. त्या दिवशी ओरडले. "दरवाजा बंद है, और तुम अंदर आदमी भेज रहे हो!"

आत नळी घालायचा प्रश्नच नव्हता, रस्ताच तुटलेला. बेंबीच्या खाली चार बोटं मोजून साहेबांनी पोकळ सुई एका दमात आत सरकवली. क्षणभर काही नाही. मग जी धार लागली! मी एनॅमलचं भांडं धरलं होतं, ते भरलं. सारजाबाईंनी दुसरं दिलं, तेही भरलं. त्या गड्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि तो म्हणाला, "साहेब, असलं सुख मला लग्नातबी झालं न्हाई!"

कोपऱ्यात त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. इतका वेळ रडत होती. ती पदरामागून म्हणाली, "मलाबी!"

साहेब सुई धरून होते म्हणून, नाहीतर हसून खाली बसले असते. पुढे महिनाभर त्या गड्याला आमच्याकडे ठेवून, पोटातून एक नळी, खालून एक नळी, असं करत त्यांनी तो तुटलेला रस्ता सांधला. ज्या दिवशी तो लिंबाखाली उभा राहून स्वतःच्या स्वतः मोकळा झाला, त्या दिवशी भावकीनं गूळ वाटला. कशाबद्दल वाटतोय, ते मात्र कुणी सांगेना!

*

त्यावरून साहेबांनी ठरवलं, की लोकांना शिकवायचं. बाजाराच्या दिवशी दवंडी दिली. पडून मार लागला, लघवी अडली, तर पाणी पाजू नका, जोर करू देऊ नका, तसंच दवाखान्यात आणा.

दवंडी गावोगाव पोचता पोचता झिजली. मधलं "लघवी अडली" हे दवंडीवाल्यालाच लाज वाटून त्यानं गाळलं असावं. महिन्याभरात एक म्हातारा आला. मनगट मोडलेलं, बाकी काही नाही. पण ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली, बोलता येईना. मुलगा अभिमानानं म्हणाला, "परवा पडले साहेब. तवापासून थेंब देला न्हाई! लई मागत व्हते, पन आमी तुमचा हुकूम बराबर पाळला!"

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग स्वतः माठाकडे गेले आणि म्हाताऱ्याला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं.

*

एक मोठे जमीनदार होते. कुठले ते विचारू नका, नातवंडं अजून आहेत. त्यांची पडद्याची गाडी एका सकाळी दवाखान्यापुढे येऊन थांबली. आतून त्यांचा जुना विश्वासू गडी उतरला, सरळ आत आला आणि टेबलावर आडवा झाला.

"काय होतंय?"

"घोड्यावरून उतरताना जीन लागलं साहेब. खाली. लई सुजलंय. काळंनिळं झालंय. चार दिस झाले, बसता येत न्हाई."

"इजाजत है?"

"हाय."

साहेबांनी पाहिलं. मला बोलावलं, मीही पाहिलं. सूज नाही, काळं नाही, निळं नाही. गडी अंगानं धडधाकट. साहेबांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं. "इथं दुखतं?" गडी विचारात पडला. म्हणाला, "दुखत असंल."

"असंल म्हणजे? अरे बाबा, जखम कुठे आहे?"

गडी उठून बसला. दाराकडे बघून हळूच म्हणाला, "जखम भाईर गाडीत बसली हाय, साहेब. मालक म्हनले, तू दाखवून ये, काय औषध देतेत ते घेऊन ये."

मालकाची लाज मालकासाठी वाहायला आलेला माणूस! आम्ही पुष्कळ हसलो, पण साहेब हसले नाहीत. ते उठले, बाहेर गेले, गाडीचा पडदा न सरकवता बाहेरूनच अदबीनं म्हणाले, "इजाजत है?" मग पडदा वीतभर सरकला. तपासणी, रक्त काढणं, पट्टी, सगळं त्या गाडीतच झालं, आणि बैल तेवढा वेळ शहाण्यासारखे उभे राहिले.

*

हसण्यावारी नेण्यासारखे सगळेच नव्हते. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, घालायला पांढरी माती लागते. ती लोक जुन्या गढीच्या पायथ्यातून खणून आणतात, आणि खणत खणत आत शिरतात. अशीच एक दरड एकावर कोसळली. त्याची लघवीची पिशवी भरलेली होती, ती आतल्या आत फुटली. माणूस राखेच्या रंगाचा झालेला. बायको शुद्धीवर नव्हती, आई मात्र होती. ती म्हणाली, "जगल का, ते इचारीत न्हाई. तुमी हात लावा, मंग मी इचारते."

हिंगोलीला रेल्वेपर्यंत न्यायचं, पुढे नांदेड... तेवढा वेळ नव्हता. साहेबांनी कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, पान काढून माझ्या हातात दिलं. मला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. म्हणाले, "नुसतं माझ्यासमोर धर. मी मान हलवली की पान उलट."

सारजाबाईंनी क्लोरोफॉर्म धरलं. साहेबांनी पोट उघडलं. ते खाली बघायचे, पुस्तकात बघायचे, पुन्हा खाली. मी पान धरून उभा, घामानं कागद ओला होतोय, आणि मी देवाला एवढंच म्हणतोय की दोन पानं एकदम उलटायला नकोत! सगळी घाण टिपली, फाटलेलं दुहेरी शिवलं, नळी बसवली. एकवीस पानं मी उलटली. आजही मला वाटतं, तेवढं मन लावून मी काही वाचलेलं नाही.

माणूस जगला. तिसऱ्या आठवड्यात तो पायरीवर बसून बिडी मागायला लागला, तेव्हा मी साहेबांना विचारलं, "साहेब, असली ऑपरेशनं तुम्ही आधी किती केलीत?"

साहेब हात धूत होते. म्हणाले, "ही धरून?"

"हो."

"एक."

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

डोंगरकड्याच्या पलीकडे एक तांडा होता. तिथला एक बाप आपल्या लेकीला गाडीतून घेऊन आला. तिचं नाव धर्मी. वय वीस-बावीस. पहिल्या बाळंतपणात चार दिवस अडली होती. मूल गेलं, आणि इतका वेळ डोकं रुतून बसल्यामुळे आत लघवीच्या पिशवीला भोक पडलं. तेव्हापासून तीन वर्षं लघवी थेंब थेंब गळत होती. उठता, बसता, झोपेत. थांबणं नाहीच. तांड्याच्या कडेला तिला वेगळी झोपडी दिली होती. नवरा चांगला होता, भाकरी नेऊन द्यायचा, पण होळीनंतर त्याला दुसरी बायको करून द्यायची, असं घरच्यांनी ठरवलं होतं.

ती आत आलीच नाही. वारा कुठून येतोय ते पाहून पलीकडच्या बाभळीखाली उभी राहिली, म्हणजे आम्हाला वास येऊ नये. साहेब तिच्यापर्यंत चालत गेले. तिनं विचारलं, "बायांमंदी बसता येईल का?" बाकी काही नाही.

साहेबांनी दोनदा शिवलं. तेव्हा आमच्याकडे आतल्या शिवणीला तातीचा, म्हणजे जनावराच्या आतड्याचा धागा असायचा, तो ओल्यात कुजायचा. पहिल्या वेळी नवव्या दिवशी चादर भिजली. दुसऱ्या वेळी अकराव्या. दुसऱ्या वेळी धर्मी रडली नाही, साहेबांनाच म्हणाली, "तुमी जेवून घ्या." मी त्या दिवशी मागे जाऊन लिंबाखाली रडलो, लाज कशाची?

साहेब पुन्हा पुस्तकात बसले. म्हणाले, "चांदी पाहिजे. चांदीची तार. ती ओल्यात कुजत नाही." हैदराबादला मागणी लिहायची तर होळी उलटून गेली असती. गावातल्या सोनाराला बोलावलं. तो म्हणाला, केसासारखी तार ओढून देतो, पण चांदी द्या.

आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोवर धर्मीनं कानाशेजारी केसांत बांधलेली घुगरी सोडायला घेतली. तांड्यावरच्या बायका चांदीच्या त्या घुगऱ्या लग्नानंतर घालतात आणि नवरा असेपर्यंत उतरवत नाहीत. बाप एकदम पुढे आला. "काय करून राहिली? नवरा जित्ता हाय तुझा!"

ती गाठ सोडतच म्हणाली, "त्याला ठेवायचा हाय म्हनूनच काढून राहिले."

सोनारानं ती आटवली, भेसळ काढली, आणि तिसऱ्या दिवशी तार आणून दिली. साहेबांनी ती बोटांत फिरवली, उकळत्या पाण्यात टाकली. सकाळचं ऊन पूर्वेच्या खिडकीतून टेबलावर पडतं, त्या वेळेला ऑपरेशन केलं. मी आरसा धरून ते ऊन आत पाडत होतो. अडीच तास! ऊन सरकत होतं तसा मी सरकत होतो. साहेब एका दमात एक टाका घालायचे आणि मग श्वास घ्यायचे. मी टाके मोजले नाहीत, त्यांचे श्वास ऐकले.

मग चौदा दिवस रबराची नळी. ती एकदा जरी तुंबली तर सगळं फाटणार. मी, सारजाबाई आणि साहेब पाळीपाळीनं बसलो. पण आमच्यापेक्षा जास्त पहारा धर्मीचा. ती भांड्यात पडणारा थेंब ऐकत राहायची, थेंब लांबला की बोट वर करायची.

नववा दिवस गेला. अकरावा गेला. पंधराव्या दिवशी साहेबांनी तारा काढल्या, नळी काढली, आणि तिला धुतलेलं कोरडं लुगडं नेसायला दिलं. तिला ओट्यावर आणलं. उन्हानं फरशी कोरडीठाक होती. साहेब म्हणाले, "बस."

ती बसली. बाप गाडीचं जू धरून उभा, सारजाबाई दाराशी, मी खांबाशी. थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "आता ऊठ."

ती उठेना.

साहेब तिच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले. पेशंट आले, त्यांना मी लिंबाखाली थांबवलं. सावली ओट्यावरून सरकून पायरीवर गेली. धर्मी तशीच, दोन्ही तळवे फरशीवर दाबून. मग एकदम उठली आणि मागे न बघता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

साहेबांनी ती बसली होती त्या जागेवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग तो हात तिच्यासमोर धरला. कोरडा.

धर्मीनं त्या हाताकडे बघितलं, मग फरशीकडे. मग ती दोन हात सरकून दुसऱ्या फरशीवर बसली. उठली, बघितलं, तिसऱ्या फरशीवर बसली. मग पायरीवर. मग पेशंटच्या बाकावर, या टोकाला, मधे, त्या टोकाला. आत येऊन माझ्या स्टुलावर बसली. सारजाबाईंच्या पाटावर बसली. प्रत्येक ठिकाणी उठून वळून बघायची, आणि पुढच्या ठिकाणी जायची. बाप गाडीपाशी जोरजोरानं रडत होता.

सगळं संपलं तेव्हा एकच जागा राहिली होती. ती साहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. गादीची खुर्ची होती. तिनं साहेबांकडे बघितलं आणि विचारलं, "इजाजत हाय?"

साहेबांनी मान हलवली. आणि त्या दिवशीचं रजिस्टर त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं.